रेघ आहे असं समजा

४ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

नमस्कार. लिफाफा पाहून तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग काळजीत पडाल, म्हणून सुरुवातीलाच सांगतो, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन मुद्दाम केला नाही. फोन ताई उचलते, आईला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावते, आणि मग माझी सर्दीसुद्धा तुमच्या सगळ्या जिन्याला कळते. हे प्रकरण सर्दीचं नाही.

मला दारू पिऊन गाडी चालवली म्हणून पकडलंय.

पुन्हा वाचू नका, तेच लिहिलंय. बाबांच्या पायी ज्याने उभ्या जन्मात बाटलीचं बूच हुंगलं नाही, त्या मला. त्या दिवशी शेवटच्या फेरीला एका पोराला बसमध्ये ओकारी झाली. सफाईवाला सुट्टीवर, म्हणून सीट मीच पुसली, डेपोतल्या त्या उग्र वासाच्या स्पिरिटने. हात धुतले तरी वास गेला नाही. दिवस मावळताना माझा खटारा घेऊन घरी निघालो, तर पुलाच्या अलीकडे नाकाबंदी. मागचा एक दिवा बंद होता म्हणून थांबवलं. हवालदार अगदी पोरगेला. त्याने नाक फेंदारून वास घेतला आणि म्हणाला, खाली उतरा. उतरलो. मोटारीच्या दाराशी उभा राहिलो. म्हणाला, दार सोडा, इकडे या.

फुंकायचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. रक्त घ्यायला न्यायचं तर जीप नाही. मग त्याने डोळ्यांसमोर पेन फिरवलं, मान न हलवता बघा म्हणाला. मग टाचेला चवडा लावून रेघेवरून चाला, वळा आणि परत या. मी विचारलं, रेघ कुठाय? म्हणाला, रेघ आहे असं समजा.

समजलो आणि चाललो. तिसऱ्या पावलाला कललो, वळताना हात पसरले, आणि एका पायावर उभं राहा म्हणाला तेव्हा बगळा लगेच दोन पायांवर आला. लायसन्स त्याच्या खिशात गेलं. डेपोने निकाल लागेपर्यंत घरी बसवलंय. निकाल विरुद्ध गेला तर बस गेली. पण त्याहून मोठं म्हणजे आईला कळलं, तर तिच्या लेखी मी बाबा झालो.

तुम्ही पोलिसांच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये हीच परीक्षा शिकवत होता. ती कोर्टात खोटी कशी पाडायची, ते सांगा. आणि पत्र फाडून टाका.

तुमचा मेहुणा


११ फेब्रुवारी

मेहुणेबुवा, आशीर्वाद.

पत्र फाडलं. आई समोरच बसली होती, कुणाचं म्हणाली. मी पेन्शन ऑफिसचं म्हणालो. तेव्हा यापुढे पेन्शन ऑफिस मला वारंवार लिहिणार आहे, हे ध्यानात ठेव.

तू प्यायला नव्हतास यावर माझा विश्वास आहे. तुझ्या लग्नात सरबताचा रंग गडद वाटला म्हणून तू पाणी प्यायला होतास, ते मी विसरलेलो नाही. पण परीक्षा खोटी पाडायची म्हणतोस, तर माझंही जरा ऐक. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगायचो. पकडलेला प्रत्येक जण रस्त्याला, बुटांना आणि बायकोला नावं ठेवतो. त्याच तासाला मी हेही सांगायचो, की कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं आणि ते बघायचं काम आपलं आहे. पोरं पहिलं वाक्य वहीत लिहून घ्यायची. दुसऱ्याच्या वेळी बहुधा घंटा व्हायची.

ही परीक्षा कोरड्या, सपाट, उजेडातल्या जागी घ्यायची. रेघ आखलेली हवी. गुडघा-कंबर दुखतेय का, हे आधी विचारायचं. वय बघायचं. तुझ्या वेळी यातलं काय काय झालं, ते नीट लिही. रस्ता किती उतरता होता, पायात काय होतं, त्याने आधी स्वतः चालून दाखवलं का. पेन फिरवताना तुझं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे होतं का, हेही लिही, कारण पळते दिवे बघितले की शुद्धीतल्या माणसाचेही डोळे फडफडतात.

आईपासून लपवतोस ते ठीकच आहे. या विषयात ती माझ्याही आधीची मास्तरीण. तुझे वडील संध्याकाळी आले की फाटकापासून पायरीपर्यंत त्यांना सरळ चालायला लावायची, मगच दार उघडायची, हे ती अजून सगळ्यांना सांगते. मला वासाची गरज नव्हती, म्हणते, मी चालीवरून ओळखायची. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी तुमच्याकडे आलो, तेव्हा फाटकातून आत येताना मीसुद्धा पाय जपून टाकले होते.

माझे गुडघे बरे नाहीत. तुझी ताई बरी आहे.

भाऊजी


१९ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

अंगण वाकडंच होतं. काल मी मुद्दाम रिक्षाने तिथे जाऊन बघून आलो. पुलाकडे जाणारा रस्ता गटाराच्या बाजूला इतका कललाय, की पाणी ओतलं तर विचार न करता धावेल. वर खडी. पायात माझे डेपोचे जाड तळव्याचे बूट. त्याने स्वतः चालून दाखवलं नाही, हातवारे केले. गाड्या समोरूनच येत होत्या. वकीलबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी टेबलावर थाप मारली. म्हणाल्या, शिकवणारा मास्तरच साक्षीला आणा, मग बघू सरकार काय बोलतं. याल ना? प्रवास तुम्हाला झेपत नाही, मला माहीत आहे. तरी विचारतो.

इकडे दिवस जाता जात नाही. कंडक्टर मंडळींनी माझं नाव पावशेर ठेवलंय. शेजारचे गृहस्थ, ज्यांच्या घरातून रोज संध्याकाळी बाटल्यांचा आवाज येतो, ते मला जिन्यात बघून आता आपुलकीने हसतात. इतकी वर्षं मान डोलावली नाही, आता बिरादरीत घेतलंय.

तुम्ही फाटकाचं लिहिलंत. मी तेव्हा खिडकीत असायचो. बाबा हात पसरून यायचे, मध्येच थांबायचे, मग पुन्हा पाऊल टाकायचे. शेवटी शेवटी तर शपथा घ्यायचे, की सोडली, खरंच सोडली. आई आतून कडी घालायची. ते पायरीवर थोडा वेळ बसायचे आणि काकांकडे जायचे. मग तिथेच राहिले आणि तिथेच गेले. मला कधी त्यांची दया आली नाही. त्या दिवशी रस्त्यावर माझे हात तसेच पसरले, तेव्हा त्या हवालदाराचा नाही, बाबांचाच राग आला. म्हटलं, मेल्यावरही पिच्छा सोडत नाहीत.

तुमचा मेहुणा


२७ फेब्रुवारी

मेहुणेबुवा, आशीर्वाद.

येईन. ताईला कारण सांगावं लागेल, त्याचं काय करायचं ते बघतो. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुझा हवालदार माझ्या शेवटच्या तुकडीतला निघाला. मी चौकशी केली. मुलगा वाईट नाही. त्याला वरून आकडा दिलेला असतो, मशीन दिलेलं नसतं. त्याच्यासमोर उभं राहून, तू केलंस ते चूक, असं म्हणणं मला जड जाणार आहे. पण म्हणेन, कारण ते चूकच आहे. वाकड्या रस्त्यावर न आखलेल्या रेघेवरून माणसाला चालवायचं आणि तो कलला की त्याची रोजीरोटी खिशात घालायची, ही परीक्षा नव्हे.

एक काम कर. कोर्टात सरकारी वकील म्हणाला, की इथे फरशी सपाट आहे, आता चालून दाखवा, तर? तेव्हा आधी घरी बघून घे. दिवसाउजेडी, सपाट जागी, अनवाणी. बायकोला बाजूला उभं कर. पेनही फिरवायला सांग, तुझं तोंड कोऱ्या भिंतीकडे ठेवून. जे होईल ते मला लिही. बरं-वाईट जे असेल ते.

भाऊजी


७ मार्च

ती. भाऊजी,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. आमच्या घरात सपाट आणि लांब म्हणजे खोल्यांमधली ती बोळच. हिने टोकाला खुर्ची टाकली आणि परीक्षकासारखी बसली. मी टाचेला चवडा लावून गेलो, वळलो, परत आलो. उत्तम. एकदाही रेघ सोडली नाही. हिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, आता चालताच आहात तर भाजी घेऊन या. तेव्हा कोर्टात चालायला लावलं तरी चिंता नाही.

बाकी घरी बसल्यामुळे हिला माझ्यातले नवे नवे दोष सापडतायत. सध्या बोळीच्या भिंतींवरून वाद चालू आहे. दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर बोटांचे काळे पट्टे पडलेत. दोन वर्षांपूर्वी रंग दिला होता. ती म्हणते, तुमचे डेपोचे हात. मी म्हणतो, धुण्याच्या बादल्या घासतात. आता रंग द्यायचा तर मलाच द्यावा लागणार, रिकामा आहे ना.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तारीख कळली की लिहितो.

तुमचा मेहुणा


१८ मार्च

मेहुणेबुवा,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि ठेवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही, म्हणून विचारतो. पेनाचं तू काहीच लिहिलं नाहीस. बायकोने पेन फिरवलं की नाही? फिरवलं असेल, तर तुझे डोळे कोऱ्या भिंतीसमोरही फडफडले, असं मी धरतो. रस्ता कितीही वाकडा असला तरी त्याने डोळे फडफडत नाहीत.

आणि भिंतीवरची बोटं तुझी आहेत. बादलीला बोटं नसतात. तुझी बोळ अरुंद आहे, मी पाहिलीय, दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात पोचतात. तू नुसती बोटं टेकवून चालत असशील, तुला कळतही नसेल. तुझं पहिलं पत्र मी फाडलं, पण त्यातलं एक वाक्य राहिलं. ‘म्हणाला, दार सोडा.’ दाराला हात होता तोवर तू नीट उभा होतास. बसमध्येही कुणाला काही दिसलं नाही, कारण बसमध्ये सगळेच दांडा धरून चालतात.

बायकोला घेऊन गच्चीवर जा. मध्यभागी उभा राहा, जिथे कशालाच हात पोचणार नाही. पाय जुळव आणि डोळे मीट. तिला जवळ उभं राहू दे. मग डॉक्टरकडे जा.

डॉक्टरचा एक कागद आणला, तर दारूचा खटला त्याच दिवशी मिटेल. तोच कागद डेपोत गेला, तर बसही त्याच दिवशी जाईल. हे मला कळतं. म्हणूनच तीनदा पत्र ठेवलं. मी फार थकलोय रे या सगळ्याने, आणि तू तर माझ्याहून थकला असशील.

भाऊजी


९ एप्रिल

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला, कारण जे लिहावंसं वाटत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

मी तुमच्याकडे परीक्षा खोटी पाडायला आलो आणि तुम्ही मलाच पुन्हा नापास केलंत. भिंतीला हात कोण लावत नाही? तुम्हीही जिना चढताना कठडा धरता. मग तुम्हालाही डॉक्टरकडे न्यायचं का? जन्मभर लोकांना चालवून चालवून तुम्हाला सगळं जग झोकांड्या खाताना दिसतंय.

वकीलबाई स्पष्ट म्हणाल्या, डॉक्टरचं नावही काढू नका. उतार आणि न आखलेली रेघ, एवढ्यावर सुटाल, पुढच्या महिन्यात बसवर बसाल. मला दुसरं काही येत नाही, भाऊजी. या वयात मी काय शिकणार? माझ्या पोटावर पाय देऊ नका. साक्षीला यायचं तर उताराचं बोला. नाहीतर येऊ नका.

सुनावणी २२ तारखेला आहे.

मेहुणा

गच्चीवर गेलो होतो. हिने धरलं म्हणून पडलो नाही.


१३ एप्रिल

मेहुणेबुवा,

येतो. मला परीक्षेचं विचारतील, परीक्षेचं सांगेन. ती वाईट रीतीने घेतली होती हे खरं आहे, आणि खरं सांगायला माझं काही जात नाही. भिंतीचं कुणी विचारणार नाही, म्हणून मी ते सांगायला जाणार नाही.

खटल्याचं मी बघतो. ब्रेकवरच्या पायाचं तू बघ.

भाऊजी


१४ मे

ती. भाऊजी,

नमस्कार. साक्ष झाल्या झाल्या तुम्ही परतीची गाडी गाठलीत, धड चहासुद्धा घेतला नाहीत. आधी ते लिहितो, जे तेव्हा तोंडावर बोलता आलं नाही.

सरकारी वकिलाने तुम्हाला विचारलं, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही चुकीचं शिकवलंत का? मला वाटलं, आता माझ्यापायी यांची सगळी नोकरी धुळीला मिळणार. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, ‘मी सपाट फरशीवर खडूने रेघ आखून शिकवलं. रस्ता मी शिकवला नाही. आणि कलणारा माणूस प्यालेलाच असतो, असं तर कधीच शिकवलं नाही. कलणारा माणूस कलतोय, एवढंच ती परीक्षा सांगते.’ त्या वेळी तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मुद्दाम बघितलं नाहीत, हे मला कळलं.

नंतर तो हवालदार बाहेर भेटला. म्हणाला, सरांना सांगा, खडू स्वतःच्या पैशाने आणावा लागतो. वर म्हणाला, राग मानू नका. मला त्याची कीवच आली.

निकालात लिहिलंय, संशयाचा फायदा. फायदा मला आणि संशय लोकांना, अशी वाटणी झाली. लायसन्स परत मिळालं. सोमवारी डेपोत गेलो. मॅनेजरने किल्ली दिली. कुणी हात मिळवला, कुणी पावशेर म्हणून हाक मारली. मी बसमध्ये चढलो, माझी सीट मागेपुढे करून घेतली, गाडी सुरू केली. आवारातून फाटकाकडे निघालो. समोरून एक मेकॅनिक आडवा आला, आणि ब्रेकवर पाय आहे की नाही हे बघायला मला खाली बघावं लागलं.

पाय ब्रेकवरच होता. गाडी थांबली. मेकॅनिकला काही कळलं नाही, तो शीळ घालत गेला. पण भाऊजी, हे पहिल्यांदा नव्हतं. वर्षभर मी असा खाली बघत होतो आणि स्वतःला सांगत होतो, की बूट जड आहेत. मागे चाळीस माणसं बसवून. मी उतरलो आणि किल्ली टेबलावर ठेवली. मॅनेजर म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, तब्येत. तो बरं म्हणाला, पण त्याचं बघणं मला कळलं. आता मी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसतो. छत्र्या फार येतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा भाग असतो, तो माझा हळूहळू सुकतोय. डोळ्यांचं फडफडणं त्यातलंच. औषध नाही, व्यायाम आहे, आणि पुढे काठी. हे घराण्यातून येतं म्हणाले. आम्हाला मूलबाळ नाही, त्याचं जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, वडील कसे चालायचे?

मी म्हटलं, वडील प्यायचे. ते म्हणाले, शेवटपर्यंत? मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि बाबांच्या शपथा आठवल्या. घरी येऊन काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, ‘अरे, आमच्याकडे आल्यापासून एक थेंब नाही. इथे येण्याच्या कितीतरी आधीच सोडली होती त्यांनी. तरी तसेच झोकांड्या खात चालायचे. आम्हाला वाटायचं, जुनी सवय अंगात मुरलीय.’

मी खिडकीत उभा राहून बघत होतो, भाऊजी. ते शुद्धीत होते आणि आम्ही कडी घातली.

तुमच्यावर रागावून लिहिलं होतं, ते मनात ठेवू नका.

तुमचा मेहुणा


२३ मे

मेहुणेबुवा, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ बाहेर फिरत राहिलो. परत आलो तेव्हा इथे वेगळंच सुरू झालं होतं.

साक्षीला येताना ताईला सांगावंच लागलं होतं. तू सुटलास हे तिने आईला आनंदाने सांगितलं, आणि तू बस सोडलीस हे परवा माझ्याकडून कळताच तेही सांगून टाकलं. आई कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, निर्दोष होता तर बस का सोडली? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण तुला विचारल्याशिवाय ते द्यायचं नाही, असं मी ठरवलं. तेव्हापासून आई धड जेवत नाही. काल म्हणाली, ‘खाण तशी माती. कोर्टाला काय कळतं? मला बोलावलं असतं, तर मी चालीवरून सांगितलं असतं.’

तू पत्रासोबत पाठवलेला डॉक्टरचा कागद माझ्या कपाटात आहे. कुणाला दाखवलेला नाही. आईला वाचून दाखवू का? तुझं नाव पाच मिनिटांत धुऊन निघेल. त्या नावासाठीच तर तू एवढं सगळं केलंस. पण मग कागदातलं पुढचंही ती विचारणार. ती काही भोळी नाही. घराण्यातून येतं म्हणजे कुणाकडून, हे तिला लगेच कळेल.

मला काही सुचत नाही. तू सांगशील तसं करतो.

भाऊजी


३० मे

ती. भाऊजी,

नको.

ताईला कागद दाखवा. तिलाही तपासून घ्यावं लागेल, ते लपवणं पाप होईल. पण तिला शपथ घाला, की आईपर्यंत जाता कामा नये.

मी खिडकीतून बाबांना बघायचो, तसं मागे वळून आईलाही बघितलंय. कडी घातल्यावर ती दाराला पाठ लावून खाली बसायची आणि तोंडात पदर कोंबून रडायची. मग उठून आम्हाला वाढायची. तिने दार लावलं ते मौजेने नाही लावलं. आधीची वर्षं बाबा खरंच पिऊन यायचे, मार खाल्लाय तिने. एवढ्या वर्षांत तिला एकच आधार आहे, की ती बरोबर होती. या वयात तो काढून घेऊन मी तिला काय देणार? माझ्या चांगल्या नावाचा तिला काय उपयोग?

तिला सांगा, पीत होता. सांगा की कोर्टातून नशिबाने सुटला, लाज वाटली म्हणून बस सोडली, आणि आता दारूही सोडली. कायमची. तेवढ्याने ती जेवेल.

हिला हे पटलेलं नाही. दोन दिवस भांडली. मग म्हणाली, तुमची आई आणि तुमचंच तोंड, काळं करायचं तर करा. संध्याकाळी मला धरून गच्चीवर चालवते. नुकतंच लग्न जुळलेल्या जोडप्यासारखे दिसतो म्हणे.

तुमच्यासारख्या माणसाला खोटं बोलायला लावतोय. माफ करा.

तुमचा मेहुणा


६ जून

मेहुणेबुवा, अनेक आशीर्वाद.

ताईला कागद दाखवला. वाचून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. तास झाला तरी बाहेर आली नाही, म्हणून मी आत गेलो, तर म्हणाली, तुम्ही सांगा आईला, माझ्याने बोलवणार नाही. पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरकडे नेतो. पाय जुळवून डोळे मिटून उभी राहिली, तेव्हा हलली नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं.

मग आईजवळ जाऊन बसलो आणि तुझ्याच शब्दांत सांगितलं. पीत होता, आता सोडली.

ती म्हणाली, ‘त्याचे वडीलही हेच म्हणायचे.’

तिने ताट मागितलं. जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, ‘त्यांचं मी एकदाही खरं मानलं नाही. आता याचं मानते.’

तुझा
भाऊजी